मदत हवी आहे : हायब्रिडचं कूलंट घरी बदललं, आता हीटरमधून गार हवा

सांगलीची_लेक :
आज गॅरेजमध्ये स्वतःच कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बदललं. खालचा प्लग सैल करून जुनं काढलं, नवीन गुलाबी भरलं. आता हीटर लावला तरी गारच हवा येतेय आणि डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येतेय. हवा अडकली असणार, पण काढायची कशी? इंजिन दोन मिनिटं चालतं नि आपोआप बंद होतं. उद्या दुपारी आई-बाबा विमानतळावर उतरताहेत, बाहेर उणे आठ आहे. लवकर सांगा प्लीज.

कोल्हापुरी_पाना :
गाडी कोणती, साल कोणतं? किती निघालं आणि किती भरलंत?

माळरान :
कूलंटवर पैसे कशाला घालवायचे? आमच्या जीपमध्ये वीस वर्षं विहिरीचं पाणी आहे, काही झालं नाही.

कोल्हापुरी_पाना :
माळरान, त्या उणे आठात पाणी गोठलं तर इंजिनचा ब्लॉक तडकेल. आणि क्षारांची खपली आतून धरते ती वेगळीच. कृपा करून असं कुणाला सांगू नका.

जुना_प्रियस :
प्रियस असेल तर त्यात थर्मॉससारखी टाकी असते, सुमारे तीन लिटर गरम कूलंट साठवून ठेवते. ती रिकामी केलीत का? सगळे तिथेच चुकतात.

सांगलीची_लेक :
प्रियस, २०१२. न्यू जर्सी. थर्मॉस कुठेच दिसला नाही.

जुना_प्रियस :
मग तिसरी पिढी. थर्मॉस दुसऱ्या पिढीत होता, २००४ ते २००९. माझं वरचं सोडून द्या.

रात्रपाळी :
टाकी कोणती भरलीत? बॉनेटखाली दोन आहेत, एक इंजिनची, एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग). दोन्हीत गुलाबीच असतं, पण मार्ग वेगळे. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरी दिसतील तिथे हात घालू नका.

सांगलीची_लेक :
इंजिनचीच, इन्व्हर्टरच्या टाकीला हात लावला नाही. बादलीत पाच लिटरच्या खुणेपर्यंत जुनं आलं. नवीन एक गॅलनचा कॅन आणला होता, तो सगळा संपला.

कोल्हापुरी_पाना :
अहो ताई, हेच आधी हवं होतं! गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. सव्वा लिटर कमी आहे, हीटरपर्यंत गरम कूलंट पोचणार कसं? आता इंजिन अजिबात चालवू नका. अजून एक कॅन आणा, तेच तयार मिश्रण, त्यात पाणी मिसळू नका. पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा.

रात्रपाळी :
टाकी भरली की मेंटेनन्स मोड लावा, नाहीतर इंजिन बंदच पडत राहील. ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दोनदा. मग एका मिनिटाच्या आत : पार्कमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्कमध्ये दोनदा. शेवटी ब्रेक दाबून सुरू करा. या मोडमध्ये गाडी चालवायची नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवा, धूर आत कोंडू देऊ नका.

जुना_प्रियस :
एवढं कशाला? हीटर कमाल ठेवला की इंजिन चालूच राहतं.

रात्रपाळी :
गरम होईपर्यंतच. नंतर ते थांबतं, तेव्हा हवा तिथेच राहते. मी दोन्ही करून पाहिलंय.

अबोली :
विषय वेगळा आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती बादली आत्ता झाका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात नि थोड्यानेही मूत्रपिंडं निकामी होतात. आमचा मोती असाच गेला, अंगणात सांडलेलं चाटून. जमिनीवरचे थेंबही धुऊन पुसून घ्या. जुनं गटारात ओतू नका, घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

सांगलीची_लेक :
झाकली, फरशीही पुसली. शेजारच्यांची मांजर रोज आत येते, माझ्या डोक्यातच नव्हतं. अबोलीताई, मोतीबद्दल फार वाईट वाटलं.

सांगलीची_लेक (दुसऱ्या दिवशी) :
रात्री दुकान गाठलं. मोड तिसऱ्या प्रयत्नात लागला. टाकीत आधी मोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग बंद. पातळी उतरेल तसं भरत गेले, एक लिटर गेलं. हीटर गरम! सकाळी गार गाडीत पाहिलं तर पातळी बोटभर खाली होती, तेवढं भरलं. एकूण सव्वाच लिटर झालं. आता निघते नेवार्क विमानतळावर.

कोल्हापुरी_पाना :
आठवडाभर रोज सकाळी पातळी बघा. खाली थेंब नसतानाही कमी होत राहिली तर मेकॅनिककडून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) तपासून घ्या.

माळरान :
जीपमधलं पाणी बदलून कूलंट भरायचं असेल तर आतली खपली आधी कशी काढायची?