मदत हवी आहे: अन्योन्याश्रय की चक्रक?

रविवारी जेवताना मामांशी वाद झाला. आपला धर्म श्रेष्ठ, कारण ग्रंथात तसं आहे. ग्रंथ खरा, कारण तो देवाचा शब्द. आणि देवाचाच शब्द कशावरून? तर ग्रंथातच लिहिलंय! आमटी गार झाली, मामा हटले नाहीत.

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, या गोल फिरणाऱ्या युक्तिवादाच्या दोषाला अन्योन्याश्रय म्हणायचं की चक्रक? माझ्या समजुतीप्रमाणे दोन विधानं एकमेकांवर टेकली तर अन्योन्याश्रय, तिसरं मध्ये आलं तर चक्रक.

खरी अडचण पुढे आहे. बुद्ध सर्वज्ञ हे आगमावरून (म्हणजे धर्मग्रंथावरून) आणि आगम खरा हे बुद्धाच्या सर्वज्ञतेवरून, असं दाखवून वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टांनी बौद्धांना हाच दोष लावला. मग वेद अपौरुषेय (कुणीही न रचलेले), स्वतःप्रमाण (दुसऱ्या पुराव्याशिवाय खरे) म्हटल्यावर मीमांसक स्वतः यातून सुटतात का? मला तरी ती पळवाट वाटते. कुणी मराठीत, उदाहरण देऊन समजावेल का? मामा परवा पुन्हा येताहेत.