मेड इन एल.ए.साठी निवड होते कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लॉस एंजेलिस साइडला कोणी आर्टवाले आहेत का ग्रुपवर? माझी भाची तिकडे असते, गॅरेजमध्ये जुन्या ताडपत्रीवर एनॅमल पेंटने चित्रं काढते, एक तर एवढं मोठं झालंय की गॅरेजचं दार धड लागत नाही. तिला तिथल्या हॅमर म्युझियमच्या मेड इन एल.ए. या कला प्रदर्शनात यायचंय. २०१२ पासून साधारण दर दोन वर्षांनी भरतं, एल.ए. आणि आसपासचेच आर्टिस्ट घेतात, पहिल्या वेळी ६० होते, २०२३ला ३९च, आणि त्यातल्या एका आर्टिस्टला मिळणारं मोन अवॉर्ड १ लाख डॉलरचं, त्यामुळे चुरस किती ते बघा. आपल्याकडे राज्य कला प्रदर्शनाला कसं फॉर्म भरला, काम दिलं, झालं. तिकडे म्हणे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करणारे, स्वतः स्टुडिओ फिरून निवडतात. मग त्यांना हिच्या गॅरेजपर्यंत आणायचं कसं? छोट्या गॅलरीतले ग्रुप शो आधी करावेत का, की ओपन स्टुडिओ ठेवला तर कोणी येतं? एकाने ओळख करून देतो म्हणून पैसे मागितलेत, मला तरी गडबड वाटतेय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, ताई सारखी फोन करून विचारतेय 😅