साईट उघडतेय, पण सगळं पांढरंफटक

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना कळवण्यात येते की सोसायटीची वेबसाईट आजपासून सुरू झाली आहे. मेंटेनन्सची बिले तिथेच पाहावीत.

माने काकू, बी-२०२: उघडलं. पांढऱ्या पानावर निळ्या ओळी नुसत्या, एकाखाली एक. बटणं कुठायत?

शिंदे काका, सी-१०१: माझ्यात पण तसंच. फोटोंच्या जागी तुटक्या चौकटी. व्हायरस घुसला काय?

रोहन, ए-४०३: व्हायरस न्हाई काका. सीएसएस, म्हणजे रंगरूपाची फाईल, आणि फोटो मिळंनात. लॅपटॉपवर झकास चालालती, सर्व्हरवर डीबग (चुका शोधायची सोय) फॉल्स, म्हणजे बंद, केलं की सगळं गायब. तात्पुरतं ट्रू ठेवू काय?

अश्विनी ताई, बी-५०१: अजिबात नको! डीबग चालू असताना एरर आली की आतला कोड, सेटिंग्ज सगळं पानावर छापून येतंय. लोकांची बिलं आहेत तिथं. लॅपटॉपवर रनसर्व्हर (साईट ज्यात लिहिलीय त्या जँगोचा चाचणीचा सर्व्हर) डीबग चालू असेपर्यंतच स्टॅटिक फाईली, म्हणजे सीएसएस, लोगो असल्या साईटच्या फाईली, देतंय. बंद केलं की जँगो हात वर करतंय, मग ते काम एनजिनएक्सचं, म्हणजे पुढं बसलेल्या वेब सर्व्हरचं. त्या फाईली एका फोल्डरात गोळा करणारं कलेक्टस्टॅटिक चालवलंस?

रोहन: व्हय. फाईली कॉपी झाल्या म्हणून आलं.

शिंदे काका: गेटसमोर पांढरी गाडी कुणाची? दूधवाल्याचा टेम्पो अडकलाय.

अश्विनी ताई: मग सेटिंग्ज चाळवत बसू नको. एफ-१२ दाब, नेटवर्कमध्ये लाल ओळ बघ. कुठला पत्ता मागालंय आणि नंबर ४०४ (फाईल सापडत न्हाई) का ४०३ (परवानगी न्हाई), तेवढं सांग. अंदाजानं बदलत गेलास तर रात्र इथंच जाईल.

रोहन: /स्टॅटिक/सीएसएस/साईट.सीएसएस. ४०४. एनजिनएक्समध्ये लोकेशन /स्टॅटिक/ आहे आणि आत रूट /एसआरव्ही/सोसायटी/स्टॅटिक/. फोल्डर तिथंच आहे की, बघून आलो.

अश्विनी ताई: हितंच घोळ. रूट लिहिलं की एनजिनएक्स मागितलेला पत्ता आहे तसा त्याला जोडतंय. एरर लॉग उघड.

रोहन: आयला, /एसआरव्ही/सोसायटी/स्टॅटिक/स्टॅटिक/सीएसएस शोधालंय. दोनदा स्टॅटिक!

माने काकू: म्हणजे रिक्षावाल्याला राजारामपुरी सांगितली आणि तो राजारामपुरीत जाऊन परत राजारामपुरी विचारालाय.

अश्विनी ताई: 😄 अगदी तेच काकू. रोहन, रूटच्या जागी अलायस लिही. ते लोकेशनचा तुकडा काढून तिथं आपलं फोल्डर लावतंय. शेवटची तिरकी रेघ दोन्हीकडं ठेव. लोकेशनला आहे आणि अलायसला नाही असं झालं तर 'स्टॅटिकसीएसएस' असं चिकटून जातंय, मग परत ४०४. आधी एनजिनएक्स -टी ने तपास, मग रीलोड कर.

रोहन: आलं! रंग आले. पण लोगो अजून ४०४.

अश्विनी ताई: फाईलचं नाव बघ. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, लोगोतला एल लहान आणि फाईलमध्ये कॅपिटल असंल. विंडोजवर ते चालून जातंय, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाईली.

रोहन: बरोबर. केलं. 🙏

माने काकू: पहिलं पान छान दिसतंय. पण पाण्याच्या नोटिशीवर टिचकी मारली की परत पांढरं.

अश्विनी ताई: त्या पानात सीएसएसचा पत्ता हातानं लिहिला असणार, पुढं तिरकी रेघ न देता. मग ब्राउझर तो उघडलेल्या पानाच्या पत्त्यापासून धरतंय, /नोटीस/पाणी/स्टॅटिक असलं कायतरी मागतंय. सगळ्या टेम्प्लेटमध्ये जँगोचा स्टॅटिक टॅगच वापर, तो पत्ता आपोआप बरोबर लिहितोय. हातानं लिहिलेले पत्ते मला बिलकूल आवडत न्हाईत.

सेक्रेटरी काका: गणपतीचे फोटो मी स्वतः अपलोड केले होते. तेही दिसत नाहीत.

रोहन: कलेक्टस्टॅटिक परत मारतो.

अश्विनी ताई: त्यानं काय होणार न्हाई. लोकांनी चढवलेले फोटो म्हणजे मीडिया. कलेक्टस्टॅटिक त्याला हात लावत न्हाई, त्याला वेगळं लोकेशन लागतंय.

रोहन: दिलंय. पण तिथं ४०३ येतंय.

अश्विनी ताई: मग पत्ता बरोबर आहे, परवानगी न्हाई. मीडिया फोल्डर तुझ्या होममध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या तुझ्या खात्याच्या फोल्डरात, आहे काय? उबंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम इतरांना बंद असतंय, एनजिनएक्सला आतच जाता येत न्हाई. फोल्डर /एसआरव्ही मध्ये हलव, जँगोतलं मीडिया रूट आणि एनजिनएक्समधलं अलायस दोन्ही बदल. आणि ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नको, नेटवर कुणीबी सांगू दे.

रोहन: हलवलं. फोटो आले काका, बघा.

सेक्रेटरी काका: आले. धन्यवाद. आरतीचा फोटो मात्र आडवा दिसतो आहे.

शिंदे काका: माझ्यात मघापासून एक लोगो, बायकोच्या फोनवर दुसराच.

रोहन: मघाशी लोगोची नवीन फाईल टाकली काका. तुमच्या फोननं जुनी जपून ठेवलीय. ताई, यावर कायमचा उपाय?

अश्विनी ताई: जँगोचं मॅनिफेस्ट स्टोरेज लाव. फाईल बदलली की नावाला नवीन शेपूट लागतंय, मग ब्राउझर जुनी धरून बसत न्हाई. पण स्टॅटिक टॅगमधलं एक नाव जरी चुकलं तर अख्खं पान ५०० (सर्व्हरची एरर) देतंय. आधी सगळी नावं तपास, ते उद्या बघू. आता पाणी आलंय, भरून घेते.