गोड वाईन मागितली तर मान खाली का घालायची?

टिळकवाडीची वहिनी
परवा इथं एकानं लिहिलं, बेळगावची माणसं नाशिक-अकलूजला वाईनरी बघायला जातात आणि टेस्टिंग रूममध्ये बसून "गोड आहे का?" विचारून लाज आणतात. गोड वाईन शिकाऊंची, खरी वाईन ड्रायच, म्हणजे साखर जवळजवळ नसलेली, असं. दोन दिवस गप्प बसले. आता लिहितेच.

गेल्या वर्षी आम्ही वन्संना घेऊन गेलो होतो. वय एकसष्ट, आयुष्यात पहिल्यांदा वाईनचा ग्लास हातात. पहिल्या दोन वाईन त्यांनी तोंड न वाकडं करता प्यायल्या. तिसऱ्याला हळूच विचारलं, "ह्यापेक्षा थोडी गोड असते का ओ?" ओतणारा पोरगा शेजारच्या टेबलाकडं बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, मग ज्यूस मागवा." वन्संनी ग्लास टेबलावर ठेवला, पदर सारखा केला, आणि निघेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. साडेपाचशे किलोमीटर गाडीत बसून आलेली बाई! आणि त्याच जागी फ्रीजमध्ये लेट हार्वेस्टची, म्हणजे उशिरा तोडलेल्या जास्त पिकल्या द्राक्षांच्या गोड वाईनची, बाटली होती. निघताना विकायच्या यादीत दिसली. चव दाखवताना गोड वाईन शेवटी देतात हे मला मान्य आहे, पण "शेवटी देतो" एवढं सांगायला काय पडतं?

आणि शिकाऊ म्हणणाऱ्यांनो, फ्रान्समध्ये 1855 ला बोर्दो भागातल्या वाईनची प्रतवारी लागली तेव्हा सगळ्यांत वरची पायरी एकाच नावाला दिली, शातो दीकेमला. ती बोर्दोतल्याच सोटर्न भागाची गोड वाईन आहे.

हिंदवाडीकर
ते लिहिणारा मीच. वहिनी, वन्संना तसं बोलायला नको होतं, त्याबद्दल वाद नाही. पण दीकेमचं नाव घेऊन आपल्याकडच्या गोडाचं समर्थन होत नाही. आपल्या भागात "गोड वाईन" म्हणजे काय हे दोघांनाही माहीत आहे. गोव्याहून येताना आणलेली पोर्ट. खऱ्या पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच ब्रँडी घालतात, यीस्ट मरतं, द्राक्षाची स्वतःची साखर मागं राहते. गोव्याची बहुतेक पोर्ट म्हणजे वाईनमध्ये साखर. साखर घातली की कसलीही द्राक्षं खपतात, दोष झाकला जातो. मी पुण्यात आठ वर्षं होतो, तिथं ड्राय प्यायला शिकायला मला दोन वर्षं लागली. शिकल्यावर कळलं की आधी मी द्राक्ष कधी चाखलंच नव्हतं. लोकांनी तेवढी तसदी घ्यावी, एवढंच म्हणणं आहे.

कॅम्पातली
"वाईनमध्ये साखर" म्हणून हिणवू नका. माझी आजी दर वर्षी नाताळासाठी वाईन घालायची. काळी द्राक्षं एकेक पुसून, चिनी मातीच्या बरणीत, वर साखर, यीस्ट आणि मूठभर गहू. रोज सकाळी चर्चला जायच्या आधी लाकडी पळीनं ढवळायची, आणि आम्हा पोरांना बरणीला कान लावायला द्यायची. आत बारीक चुरचुर ऐकू यायची. त्या द्राक्षात साखर कमी, म्हणून वरून घालावी लागते. ती काही झाकायला घालत नव्हती. मलमलच्या फडक्यातून गाळलेली ती वाईन मी चौदाव्या वर्षी केकबरोबर एक घोट प्यायले. तुमची आठ वर्षं पुणे एकीकडं आणि माझ्या आजीची बरणी एकीकडं.

हिंदवाडीकर
आजीला मी काही म्हटलेलं नाही. घरात घातलेली वेगळी, पैसे घेऊन विकलेली वेगळी. ड्रायमध्ये लिटरला साधारण 4 ग्रॅमच्या आत साखर असते, युरोपात 45 च्या वर गेली की गोड म्हणतात. आपल्याकडच्या किती बाटल्यांवर हा आकडा असतो? तो छापा, मग मी गोडाला मान देतो.

अथणीचा बागायतदार
सगळे पिणाऱ्याचं बोलताय, पिकवणाऱ्याचं कोण बोलणार? गोडी येते कुठनं? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, तिला आम्ही गोडी छाटणीच म्हणतो. तिथनं पुढं चार-साडेचार महिने औषध मारणं, थंडीत भुरी रोगाला, ढग आले की डावणीला.

मी वाईनच्या द्राक्षाचा करार केलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. दर किलोवर. माल तयार झाला तर म्हणाले, थांबा, गोड वाईनला जास्त पिकू द्यायची आहे. थांबलो. मणी वेलीवरच सुकायला लागले, साखर चढली, पण वजन उतरलं. त्यात मार्चमध्ये अवकाळी आला. गाडी भरली तेव्हा वजनकाट्यावर आकडा बघून बायको मागं फिरली, बोलली नाही. पैसे वजनावर, गोडी त्यांच्या बाटलीत. दोन वर्षांनी वेली उपटलो, आता बेदाणा करतो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, तिथंही वजन जातंच, पण ते मला आधीच माहीत असतं आणि दर बेदाण्याचा मिळतो. लेट हार्वेस्ट महाग का असं विचारू नका, ती स्वस्त पडली तर कुणाच्या तरी बागेतनं गेलीय असं समजा.

निपाणीची ताई
म्हणजे शेवटी दारूच्या धंद्यात शेतकरीच बुडाला ना? 27 जानेवारी 2022 ला महाराष्ट्र सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं होतं. माझा दीर पिऊन गेला. गोड की ड्राय ह्यावर एवढं भांडताय, मला वाचवत नाही.

अथणीचा बागायतदार
ताई, दिराचं वाईट वाटलं. पण निपाणीकरांनी हे सांगावं? अर्धं गाव तंबाखूवर उभं आहे. तेव्हा कुणाचं आरोग्य आठवलं नाही.

निपाणीची ताई
तोंड सांभाळून बोला. 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. माझे सासरे त्या रस्त्यावर बसले होते. पेरणाऱ्याच्या हातात भाव नसतो हे मला तुम्ही शिकवू नका, माझ्या घरात ते जेवताना बोललं जातं.

अथणीचा बागायतदार
तसं असेल तर मी बोललेलं मागं घेतो. भावाबाबत तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत. दारूबाबत नाही.

निपाणीची ताई
नाहीच. पण गाडी भरून वजन कमी निघणं काय असतं ते मला कळतं.

टिळकवाडीची वहिनी
बागायतदार मामा, हे मला माहीत नव्हतं. लेट हार्वेस्टची किंमत बघून मीही "एवढे कशाला" म्हटलं होतं.

हिंदवाडीकरदादा, एक सांगते. आपण आमटीत गूळ घालतो तेव्हा आमसूलही घालतो. नुसता गूळ घातला तर कोण खाईल? चांगल्या गोड वाईनचंही तेच. मी ती लेट हार्वेस्टची बाटली घरी आणली होती, शेनँ ब्लाँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. गार करून वन्संना छोट्या पेल्यात दिली. आधी गोड लागली, मग जिभेच्या कडांना आंबटपणा आला, आणि शेवटी काहीच चिकट उरलं नाही. वन्सं म्हणाल्या, "मी हेच विचारत होते गं." शिकून आल्या नव्हत्या. जीभ होती.

हिंदवाडीकर
बरं. लेट हार्वेस्टला मी शिकाऊंची म्हणायला नको होतं. तिचं आंबणं थंड करून मध्येच थांबवायला ड्रायपेक्षा जास्त लक्ष लागतं, हे मला ठाऊक असून मी सगळ्यांना एका मापात मोजलं. पण पोर्टबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बाटलीवर साखरेचा आकडा पाहिजेच.

कॅम्पातली
आकड्याचं मीही मागेन. आजीचं नाव परत काढू नका मात्र.

अथणीचा बागायतदार
फेब्रुवारीत बागेत या सगळे. वन्संना पण आणा. रिफ्रॅक्टोमीटर हातात देतो, मणी फोडून थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून साखर स्वतः वाचायची. ताई, तुम्ही पण या, बेदाणा खायला.

टिळकवाडीची वहिनी
वन्संना आत्ताच वाचून दाखवलं. त्या विचारतात, कुंदा किती किलो आणू?