नवऱ्याचं दुकान गेवराईत, माझी बदली जर्मनीत: सोबत न्यावं की नको?

गेवराईची_सून

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलेय.

मी वाळूजला एका जर्मन कंपनीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. आता कंपनी तीन वर्षांसाठी श्टुटगार्टजवळच्या मुख्य प्लांटला पाठवायलीय. जानेवारीत हजर व्हायचं. वय 33, मूल नाही. (त्यावर सल्ला नको, तो घरी भरपूर मिळतो.)

नवऱ्याचं गेवराईत कृषी सेवा केंद्र आहे. परभणीचा बी.एस्सी. ॲग्री. सोमवार ते शनिवार मी संभाजीनगरला खोली करून राहते, तो तिकडं. शनिवारी ड्यूटी सुटली की बीडची एसटी धरायची आणि सोमवारी पहाटे परत. सात वर्षं आम्ही शनिवार-रविवारचे नवरा-बायको आहोत, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता जर्मनीचं नाव निघालं की सगळ्यांचा एकच प्रश्न: "तो एकटा कसा राहील?" आणि तो येतो म्हणाला की लगेच दुसरा: "बायकोच्या मागं जाऊन तिथं काय भांडी घासणार का?"

मी त्याला सांगितलं त्या दिवशी तो गल्ल्यावर बसून उधारीची वही बघत होता. मी समोर दहा-सव्वीस खताच्या पोत्यावर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं वहीत बोट तसंच ठेवलं, पान मिटू नये म्हणून, आणि विचारलं, "तिथं पाऊस किती पडतो?" एवढंच. नंतर एक गिऱ्हाईक आलं फवारणीचं औषध मागायला, आणि विषय गेला.

रात्री सासूबाई मात्र स्पष्ट बोलल्या. आमच्या गावातली निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्या म्हणाल्या, "मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. कोयता म्हंजी जोडी. एकट्याला अर्धा कोयता म्हणत्यात." सोबत न्या म्हणायचं होतं की टोमणा होता, मला अजून कळलेलं नाही. नवरा तेव्हापासून स्वतःला अर्धा कोयता म्हणवून घेतोय.

तर विचारायचं हे. नवऱ्याला तिथं काम करता येतं का? आधी जर्मन शिकावं लागतं का? तीन वर्षं दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार, ते परत येत नसतं. खरिपाला तो इकडं येऊन राहिला तर तिथला व्हिसा जातो का? एचआरला विचारलं तर म्हणाले, "स्पाउसचं सपोर्ट आहे, डोन्ट वरी." त्याचा अर्थ काय घ्यायचा?

बायपासवाला

घेऊन जा ताई. श्टुटगार्टात सोयाबीन नाही पण बीअर आहे. 😄

गोदाकाठचा

वरच्या भाऊंनी आमच्यासारख्यांचं आयुष्य एका ओळीत उरकलं, आता मी जरा सविस्तर लिहितो.

मी नांदेडचा. एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, तासिका तत्त्वावर, म्हणजे पगार दिवाळीला मिळाला तर मिळाला. बायको सॉफ्टवेअरमध्ये. 2019 ला तिच्यामागं एसलिंगनला आलो, श्टुटगार्टपासून लोकलनं पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा भांडी घासण्याचा प्रश्न मलाही विचारला गेला होता. उत्तर: हो, घासली. इथं बाई मिळत नाही.

आधी कायद्याचं. ताई, पहिली गोष्ट ही विचारा की तुम्हाला पाठवतायत ते कशावर. इथल्या कंपनीचा करार आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना), की भारतातल्याच पगारावर आयसीटी कार्ड (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा परवाना)? एचआर दोन्हीला "ट्रान्सफर"च म्हणतं, पण तुमच्या नवऱ्याच्या दृष्टीनं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काम दोन्हीत करता येतं, नवऱ्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही. व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षाही दोन्हीत माफ आहे. फरक पुढं पडतो. आयसीटी कार्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचं, मग परत. पगार भारतातून असेल तर तुमचा पीएफ चालू राहतो. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, त्यामुळं ईपीएफओचं (पीएफ कार्यालयाचं) प्रमाणपत्र घेतलं की 48 महिन्यांपर्यंत इथली पेन्शन कापत नाहीत. पण त्या करारात दवाखाना येत नाही. विमा कंपनीनं काढायचा असतो आणि त्यात नवऱ्याचं नाव आहे का, हे लेखी घ्या. "सपोर्ट आहे" हे लेखी नव्हे.

इथला करार असेल तर तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात जाता आणि न कमावणारा नवरा त्यात फुकट बसतो. इथं तुमची खास अडचण आहे, जी आमची नव्हती: दुकान. नवऱ्याचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला साधारण 535 युरोच्या (2025 चा आकडा) वर गेलं तर तो फुकटच्या विम्यात बसत नाही, आणि भारतातलं उत्पन्नही त्यात धरतात. दुकान त्याच्या नावावर चालू ठेवणार असाल तर विम्याच्या फॉर्मवर ते लपवू नका. करासाठी सीएला आत्ताच गाठा, मार्चमध्ये नको.

आता खरिपाचं. साधारण नियम असा की सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना आपोआप रद्द. पण ब्लू कार्डवाल्याला आणि त्याच्या जोडीदाराला ही मुदत बारा महिने आहे. म्हणजे तुम्हाला ब्लू कार्ड असेल तर नवरा मृगाला गेवराईत येऊन संक्रांतीला परतला तरी कार्डाला धक्का नाही. मात्र गाशा गुंडाळून गेला असं दिसता कामा नये. घरपत्ता इथं चालू ठेवायचा आणि परदेशी नागरिक कार्यालयाला आधी मेल टाकून ठेवायचा. आयसीटीवर ही सवलत धरू नका.

कागदाचं एकच सांगतो, कारण त्यात आमचे चार महिने गेले. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केली असेल तर दाखला आज काढून बघा. आमच्या दाखल्यावर माझ्या वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या. शिवाय बायकोचं माहेरचं आडनाव तिच्या पासपोर्टवर, सासरचं दाखल्यावर. दुरुस्तीसाठी भटजींना पुन्हा शोधत मुखेड तालुका पालथा घातला. तुमच्या पासपोर्टवर "पतीचं नाव" आहे का तेही बघून घ्या.

हे झालं कायद्याचं. आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते.

पहिले दोन महिने छान जातात. तिसऱ्या महिन्यात बायको सकाळी सातला जाते आणि तुम्ही खिडकीत. नोव्हेंबरात साडेचारला अंधार. फोन करावा तर नांदेडात नऊ वाजलेले, मित्र जेवायला बसलेले. इथं मला कुणी "सर" म्हणत नव्हतं. तासिका तत्त्वावरचा का होईना, मी सर होतो हो! बायको थकून आली की मी दिवसभर साठवलेलं सगळं तिच्यावर ओतायचो, आणि ती नुसती हं हं करायची. आमची सगळ्यात मोठी भांडणं त्या हिवाळ्यातली आहेत.

सुटका झाली ती एका झाडूमुळं. या भागात भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना-अंगण झाडायची पद्धत आहे, तिला "केरवोखं" म्हणतात. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे चक्क केर! ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. मी पहिल्यांदा जिना झाडला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. कठड्याच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं, ते माझ्यासमोर धरलं आणि काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, पण सूर माझ्या आत्याचाच होता. दुसऱ्या आठवड्यात मी खालूनही पुसलं. त्यांनी कॉफी दिली आणि मी भिंतीकडं बोट दाखवून "हे काय, ते काय" सुरू केलं. गावातल्या सार्वजनिक शिक्षण केंद्रात (फोल्क्सहोखशूल, बहुतेक शहरांत असतं) सकाळचा वर्ग लावला. बी-वन, म्हणजे तिसरी पायरी व्हायला सव्वा वर्ष लागलं. मध्ये गोदामात खोकी उचलली. आता एका छोट्या कंपनीत कॅलिब्रेशनला आहे.

म्हणून ए-वन माफ आहे म्हणजे शिकायचं नाही असं समजू नका. संभाजीनगरात क्लास आहेत, ऑनलाइनही आहेत. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा एक तास.

आणि तुमच्या नवऱ्याचा प्रश्न मला फार आवडला. उत्तर सांगा त्याला: श्टुटगार्टचा वर्षाचा पाऊस जवळपास आपल्याइतकाच, फक्त तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. त्याचं शिक्षण शेतीचं आहे तर श्टुटगार्टातच होहेनहाइम हे शेतीचं जुनं विद्यापीठ आहे. 1815 ला इंडोनेशियात ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी इथं उन्हाळाच आला नाही, पीक गेलं, लोक उपाशी मेले. मग राजानं 1818 ला दोन गोष्टी केल्या: हे विद्यापीठ आणि शेतीचा मेळावा. त्या मेळाव्याची आता बीअरची जत्रा झालीय (बायपासवाले, खूश?), पण मैदानात धान्याफळांनी मढवलेला उंच खांब अजून उभा करतात. दुष्काळाच्या पोटी निघालेली शाळा आपल्या माणसाला कळेल. तिथं काही एम.एस्सी. इंग्रजीत आहेत. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना या राज्यात सहामाहीला 1500 युरो फी आहे, पण जोडीदाराच्या परवान्यावर ती लागते की नाही हे विद्यापीठाला विचारून घ्या.

जालना_बियाणे

मी बियाण्यांच्या वितरणात 26 वर्षं आहे. जर्मनीचं मला कळत नाही, दुकानाचं सांगतो.

बाई, दुकान बंद करू नका आणि नवरा नसताना भोंगळ चालवूही नका. परवाने कुणाच्या नावावर आहेत? कीटकनाशक विकायला शेतीची, रसायनशास्त्राची किंवा अशाच ठरावीक विषयाची पदवी-पदविका लागते, ती तुमच्या यजमानांची आहे. ते जर्मनीत आणि काउंटरवर बारावी पास दीर, अशा वेळी गुणनियंत्रण निरीक्षक आला तर? खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनला विक्रेत्याचा अंगठा लागतो, तो काय कुरिअरनं पाठवणार? जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जबाबदार माणूस बदलायची रीत आत्ताच विचारा. दीर बसणार असतील तर विक्रेत्यांचा देसी कोर्स असतो, 48 आठवड्यांचा, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा. त्यात त्यांना बसता येतं का तेही तिथंच कळेल.

उधारी हे खरं दुखणं. तुमच्याकडं सोयाबीनची उधारी दिवाळीत सुटते, कापसाची संक्रांतीपर्यंत, आणि ऊसतोडीला गेलेला माणूस गुढीपाडव्याला परत येतो. जानेवारीत यजमान गेले तर तिसरी खेप बुडाली समजा. उधारी माणसाला बघून मिळते, वहीला बघून नाही. त्यांना पाडव्यानंतर जाऊ द्या. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

ह्यूस्टन_परळी

एकच भर. कुणी अमेरिकेचं सांगितलं तर ते जर्मनीला लावू नका. इथं एल-वन (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) वाल्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर 2021 पासून वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही, पण एच-वन (नोकरीचा व्हिसा) वाल्याच्या जोडीदाराला अजूनही अटी आहेत. दोघांची बॅग सारखीच दिसते. माझी बायको एच-फोरवर (एच-वन वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) चार वर्षं घरी बसली, त्यामुळं ब्लू कार्डाचं वाचून जरा जळलोच.

गेवराईची_सून

सगळ्यांचे आभार. काल एचआरला मेल केला, कार्ड कोणतं हे सरळ विचारलं. उत्तर आलं: पहिला विचार आयसीटीचा होता, पण इथला करार "शक्य आहे", पगार ब्लू कार्डाच्या किमान पगाराच्या अटीत बसतो. म्हणजे मी विचारलं नसतं तर आयसीटीच होतं! बदलून मागितलंय, लेखी.

जालन्याच्या काकांचं वाचून नवरा म्हणाला, "हे बरोबर बोलायलेत." तो पाडव्यानंतर येणार. जूनमध्ये महिनाभर परत येऊन दुकान बघणार, नंतर दिराला झेपतंय का ते बघून पुढचं. तोवर कीटकनाशकाचा माल भरायचा नाही असं ठरलंय. सासऱ्यांना ते पटलेलं नाही.

दाखला काढला. त्यात माझं नाव बरोबर, त्याचं चुकलंय. ग्रामसेवक म्हणाले सोमवारी या. तीन साक्षीदारांपैकी एक मामा वारलेत, आता काय करायचं ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि दुपारी फोन केला तर मागून मोबाइलवर बाईचा आवाज, "आइन्स, त्स्वाय, द्राय". तो तिच्यामागं म्हणत होता आणि मधेच कुणालातरी, "युरिया नाही, उद्या गाडी येईल."

गोदाकाठचा

साक्षीदाराचं मला व्यक्तिगत निरोपात लिहा, आमच्यातही असंच एकजण गेले होते. आणि यजमानांना सांगा, "त्स्वाय" म्हणताना जीभ दातामागं.

बायपासवाला

युरिया खरंच नाही का? माझ्या भावाला चार पोती पाहिजे होती.