सेफ क्लस्टरला घरगुती एसएसडी लावून वेग वाढतो का?

नोडवाला_पुणे
मंडळी, ऑफिसात चार नोडचा (सर्व्हरचा) प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायची सिस्टीम, त्यावरच सेफ, म्हणजे सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एक साठा करणारं सॉफ्टवेअर, दर नोडला ४ टीबीच्या तीन ७२०० आरपीएमवाल्या हार्डडिस्क. फायली ठेवायला ठीक चालतं पण व्हीएममधला पोस्टग्रेस डेटाबेस अक्षरशः रडतो. साहेब म्हणतात दर नोडला एक १ टीबीचा ८७० ईव्हो (सॅमसंगचा घरगुती एसएसडी) आणा, ब्लूस्टोअरचे (सेफचा डिस्कवर लिहिणारा भाग) डीबी (कुठला डेटा कुठे आहे त्याची नोंदवही) आणि वॉल (लिखाणाची आधी होणारी नोंद) त्यावर टाका, विषय संपला. डेटासेंटर एसएसडीचं कोटेशन दाखवलं तर ते न बोलता माझ्याच टेबलावर परत आलं. वर म्हणे यूपीएस आहे ना आपल्याकडे, मग पीएलपी (लाइट गेली तरी डेटा वाचवणारी ड्राइव्हमधली सोय) कशाला हवंय. ईव्होवर सेकंदाला ५३० एमबीचा राइट स्पीड लिहिलाय, हार्डडिस्कपेक्षा बरंच की. कुणी केलंय का असं?

रात्रपाळी
तो ५३० चा आकडा विसरा, तो सलग मोठ्या फायलीचा. वॉलवर जातं ते बारीक बारीक लिखाण, आणि त्यानंतर सेफ ड्राइव्हला फ्लश सोडतो, म्हणजे नक्की उतरलं का ते सांग मगच पुढे जातो. पीएलपीवाल्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात, त्यामुळे डेटा त्याच्या डीरॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) आला की तो लगेच हो म्हणून मोकळा होतो, लाइट गेली तरी कपॅसिटरच्या जोरावर खाली उतरवायची त्याची तयारी असते. घरगुती ड्राइव्हला दर फ्लशला नँडपर्यंत (कायमच्या मेमरी चिपपर्यंत) जावंच लागतं. यूपीएसचा इथे काही संबंध नाही हो, ड्राइव्हला काय माहीत तुमच्याकडे यूपीएस आहे ते! साहेबांना एवढंच समजवा.
आणि सेफमध्ये साइझ ३ (डेटाच्या तीन प्रती) असेल तर तिन्ही प्रती उतरल्याशिवाय क्लायंटला ओके जात नाही, म्हणजे सगळ्यात मंद ड्राइव्ह वेग ठरवणार.
फायो (डिस्कचा वेग मोजायचं टूल) लावून बघा: ४के राइट, डायरेक्ट चालू, सिंक चालू, आयोडेप्थ १, जॉब १, म्हणजे एकावेळी एकच लिखाण. रिकाम्या ड्राइव्हवरच लावा, नाहीतर आहे तो डेटा जाईल. घरगुती ड्राइव्ह बऱ्याचदा काही शे आयओपीएसवर (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) अडकतो, पीएलपीवाला दहा हजारांच्या पुढे सहज.

जुगाड_टेक
इतकं घाबरवू नका राव. हार्डडिस्कला अर्धा फेराच ४ मिलिसेकंदांचा, वर सीक (हेड जागेवर न्यायचा वेळ), म्हणजे शंभर-दीडशे आयओपीएसच्या पुढे ती जात नाही. त्यापुढे रडका एसएसडीसुद्धा बरा. लहान राइट आधी वॉलवर जातात आणि हार्डडिस्कवर मागून सावकाश, त्यामुळे फरक जाणवतोच. घरच्या लॅबला मी बिनधास्त असंच चालवतोय. फक्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारे स्वस्त एसएसडी) घेऊ नका, १ टीबीच्या ८७० क्यूव्हीओचा कॅशे भरला की तो ८० एमबीवर येतो, त्यापेक्षा हार्डडिस्क पळते.

मावशी_ऑप्स
घरची लॅब वेगळी आणि पगाराचा डेटाबेस वेगळा, दादा. डीबी असलेला एसएसडी गचकला की त्यावरचे तिन्ही ओएसडी (सेफच्या भाषेत एकेक डिस्क) गेले समजा, मग रिकव्हरीचा सगळा भार उरलेल्या तीन नोडच्या एसएसडींवर. चारही एकाच दुकानातून, एकाच लॉटचे, सारखंच लिखाण झेललेले, म्हणजे झिजतीलही जवळपास बरोबरच. १ टीबी ईव्होला ६०० टीबीडब्ल्यू (एकूण ६०० टीबी लिखाणाची हमी) आहे, रोज किती लिहिलं जातं ते स्मार्टमध्ये (ड्राइव्ह स्वतः ठेवतो त्या आरोग्यनोंदीत) बघून भागाकार करा.
पण मला मुळात १ टीबीच कशाला ते कळत नाहीये. आरबीडीला (व्हीएमच्या डिस्क सेफवर ठेवायची पद्धत) डीबी डेटाच्या १-२ टक्के पुरतो, ४ टीबीला ४० ते ८० जीबी, तिघांचे मिळून फार तर २४०. म्हणजे ४८० जीबीचा पीएलपीवाला सॅटा ड्राइव्ह धरून नवीन कोटेशन मागवा, १ टीबीचं दाखवलं असेल तर ते परत येणारच होतं. कॅशे टिअरिंगच्या (हार्डडिस्कपुढे एसएसडीचा वेगळा थर लावायच्या) नादाला मात्र लागू नका, सेफच्या रीफ आवृत्तीपासून ते डिप्रिकेटेड (मोडीत काढायच्या यादीत) आहे.

नोडवाला_पुणे
मावशी, कोटेशन ९६० जीबीचंच होतं 🙈 सुटा पडलेला एक ईव्हो होता त्यावर साहेबांसमोरच फायो लावलं, चारशेच्या आसपास आयओपीएस. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले ४८० चं मागव. एका नोडला सॅटा बे शिल्लक नाही पण एम.२ स्लॉट आहे, २२८० चा (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब). त्यात पीएलपी मिळतं का?

रात्रपाळी
एम.२ मधले पीएलपीवाले बरेचसे २२११०, म्हणजे ११० मिमी लांबीचे असतात, आधी बोर्डवर तेवढी जागा आहे का बघा. २२८० मध्ये किंग्स्टनचा डीसी१०००बी येतो पण तो बूटसाठी बनवलाय, सहनशक्ती बेताची, डीबीला मी लावणार नाही. मायक्रॉन ७४५० प्रो २२८० मध्येही येतो, तो मिळतो का विचारा.