दहा रुपयांचा स्टॅम्प आणि ‘निरंक’

पारावरचा
काल एकाच निवृत्त साहेबांची पोस्ट मला तीन ग्रुपांवरून आली. सार एवढंच: पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी पाच वर्षांतून एकदा मत द्यावं, आणि माहिती अधिकार टाकणारे बहुतेक सगळे ब्लॅकमेलर. खाली टाळ्यांचा पाऊस. दोनदा लिहून खोडलं, आता राहवत नाही.

साहेब, हा कायदा कुणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. १९९६ मध्ये राजस्थानात ब्यावरला मजूर-शेतकरी चाळीस दिवस धरणं धरून बसले. मागणी काय, तर आमच्या नावावर कुठे किती खर्च झाला त्या कागदांची प्रत द्या. आपल्याकडे २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा राज्याच्या कायद्याचं घोडं पुढे सरकलं. केंद्राचा २००५ चा त्यानंतरचा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांच्यावर वार करून त्यांना मारलं. तेही ब्लॅकमेलरच का?

माझ्या गावात स्मशानाकडे जाणारा रस्ता कागदावर दोनदा झाला, जमिनीवर एकदाही नाही. आम्ही ग्रामसभेत बोंबलायचो. शंभर माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! मग पुढच्या खेपेला सरपंच, ग्रामसेवक आणि सरपंचांचे मेहुणे असे मिळून ठराव मंजूर. शेवटी एफवायला असलेल्या एका पोरीने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, प्रत मागितली. दोन महिन्यांत खडी पडली. रस्ता फार भारी झालाय असं नाही, पण तिरडी नेताना गुडघाभर चिखल लागत नाही.

शेरा_मारतो
मी सरकारी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे एकच गृहस्थ दर महिन्याला येतात. ‘गेल्या दहा वर्षांतल्या सर्व निविदांच्या सर्व प्रती.’ मंजूर पदं पाच, भरलेली दोन. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला फोन करायचा, आणि पंधरा दिवसांनी ‘आता माहितीची आवश्यकता नाही’ असं लिहून द्यायचं. हे डोळ्यांनी बघतो मी. देशातल्या ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवावा हे देशाला नको आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलंय. तुमच्या गावच्या पोरीचं कौतुक आहे, पण तिच्या पदराआड सगळ्यांना लपवू नका.

तिसरा_अटेम्प्ट
शेरा काका, २०११ चा तो निकाल पूर्ण वाचा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क त्याच निकालाने दिलाय. तुम्हाला बरा तेवढाच परिच्छेद सापडला!

आणि ‘पोरांनी अभ्यास करावा’वाल्यांना एक सांगतो. ११ मार्च २०२१ ला लोकसेवा आयोगाने (एमपीएससी) तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा मी पुण्यात शास्त्री रोडवर रस्ता अडवून बसलेल्या पोरांत होतो. हॉल तिकीट खिशात, रूमचं भाडं थकलेलं. दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख आली. ती काय अभ्यास केल्याने आली? टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) गैरप्रकारात ७,८८० जण अपात्र ठरले, त्या वर्षी प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांनी काय करायला हवं होतं, अजून अभ्यास?

माहिती अधिकारात मात्र मी सपशेल आपटलोय. दोन वर्षं शिष्यवृत्ती नाही. कॉलेज म्हणतं खात्याला विचार, खातं म्हणतं पोर्टल बघ. शेवटी अर्जात लिहिलं, ‘माझी शिष्यवृत्ती का आली नाही?’ एकोणतिसाव्या दिवशी उत्तर: ‘मुद्दा क्र. १ प्रश्नार्थक असल्याने माहिती देता येत नाही. मुद्दा क्र. २ : निरंक.’ निरंक म्हणजे काय हे मेसमध्ये चौघांना विचारलं. एक म्हणाला, निष्कलंक.

जुनी_वही
निष्कलंक! अरे बाळा, हसून पुरेवाट झाली. पण चूक तुझी नाही. एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी, आणि पेन्शनच्या पत्राचा अर्थ लावायला मलाच शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कांकडे जावं लागलं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ इथे धाप लागते, आणि क्रियापद येईपर्यंत अपिलाचे तीस दिवस संपतात.

शेरा_मारतो
बाई, ‘निरंक’ हा नेमका शब्द आहे. ‘नाही’ लिहिलं तर लोक विचारतात, काय नाही? रक्कम नाही, की नोंद नाही, की द्यायची नाही? निरंक म्हणजे अभिलेखात त्या बाबीची नोंद नाही.

जुनी_वही
मग हेच वाक्य लिहा ना! आत्ता किती सरळ लिहिलंत.

शेरा_मारतो
तसं लिहिलं तर वरचे साहेब लाल पेनाने खोडतात. स्वानुभव.

गावठाण
शासकीय मराठीला उगाच झोडपू नका. फेरफार, वहिवाट, खातेफोड, तुकडेबंदी हे शब्द माझ्या अडाणी आजीला पाठ होते, कारण तिची जमीन त्यांत अडकलेली होती. गरज पडली की भाषा येते. शहरातल्या पोरांना सातबारा वाचता येत नाही, आणि चालले सरकारला जाब विचारायला.

तिसरा_अटेम्प्ट
दादा, मी शहरातला नाही. आमच्या घराला सातबाराच नाही, वाचू कुठला? शिष्यवृत्ती कुणाला मिळते ते तरी बघून लिहा.

गावठाण
बरं, तो शेवटचा टोमणा मागे. बाकी मुद्दा कायम.

जर्सीकर
इथे अमेरिकेत खर्चाचे आकडे वेबसाइटवरच असतात, अर्ज वगैरे करावाच लागत नाही…

पारावरचा
आमच्याकडेही कलम ४ आहे, २००५ पासून: माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची. वेबसाइटपण आहे. तिच्यावर बदलून गेलेल्या साहेबांचा हसरा फोटो आहे. पुढचा.

आणि निरंकवरून दोन दिवस गेले, पोराची शिष्यवृत्ती राहिली बाजूला! अरे तिसऱ्या, ‘का’ विचारायचंच नाही. ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत द्यावी’ असं लिही. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.

शेरा_मारतो
हे बरोबर सांगितलंत, नाइलाजाने कबूल करतो. ‘का’ला उत्तर द्यायचं बंधन नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्याच्या एका प्रकरणात २००८ मध्येच सांगितलंय. आमच्या लोकांना कायद्याचं तेवढंच एक वाक्य तोंडपाठ असतं.

ओटीवरून
लिहा, लिहा. माझं दुसरं अपील अडीच वर्षांनी सुनावणीला बोर्डावर आलं. तोवर अधिकारी बदलून गेले, मी ज्या झाडासाठी भांडत होते ते झाड गेलं. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड, हे कागदावर. प्रत्यक्षात ‘समज देण्यात येते’. राज्य माहिती आयोगाकडे ढिगाने प्रकरणं तुंबलेली असताना त्या पोराला कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवताय?

पारावरचा
ताई, म्हणून अपिलापर्यंत जायचंच नाही. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्हास्तरीय कार्यालयांत अभिलेख बघता येतो. आधी पुणे महापालिकेत होतं ते राज्यभर आणलं. अर्जाची भानगड नंतर, आधी जाऊन फाइल तर बघा.

शेरा_मारतो
सोमवारचं खरं आहे. आमच्याकडे चार वर्षांत तीन जण आले. त्यातला एक झेरॉक्सचं दुकान विचारायला.

ओटीवरून
आणि बाकीच्या दोघांना फाइल दाखवलीत?

शेरा_मारतो
एकाला. दुसऱ्याच्या वेळी कपाटाची किल्ली रजेवर होती.

तिसरा_अटेम्प्ट
सोमवारी खात्याच्या कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवर ‘असा काही नियमच नाही’. शासन निर्णयाची प्रिंट पुढे केली. चाळीस मिनिटं उभा. मग एका मॅडमनी खुर्ची दिली, यादी काढली. माझ्या नावापुढे पेन्सिलीने ‘त्रुटी पूर्ततेसाठी महाविद्यालयाकडे परत’. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. म्हणजे मी कॉलेजच्या ज्या काउंटरवर दर आठवड्याला विचारत होतो, कागद त्याच काउंटरमागे पडून होता. एका वर्षाचं हे झालं. दुसऱ्या वर्षाची यादी सापडली नाही, मॅडम म्हणाल्या पुढच्या सोमवारी या.

ओटीवरून
पुढच्या सोमवारी सुट्टी आहे का ते बघ आधी.

शेरा_मारतो
पेन्सिलीने लिहिलेला शेरा? त्याचा फोटो काढलास का? नसेल काढला तर उद्याच जा, सोमवारची वाट बघू नकोस.